मरीशी झुंजलेले हाफकिनसाहेब

पावसाळा ओसरून ओढ्यानाल्यांचे पाणी उतरले, म्हणजे आम्ही चंद्रपूर व गडचिरोली ह्या वनप्रदेशातील मंडळ्यांच्या भेटीस निघतो. ह्या प्रवासात एक देखावा आमच्या दृष्टीस वारंवार पडतो. शाळेच्या पडवीत अथवा गोटुलाच्या सावलीत नर्सबाई लसीची पेटी घेऊन बसलेली असते, आशाताई घरोघर हाका घालीत हिंडत असते, आणि काही आया लेकरांस पाठीशी बांधून शेताची वाट धरीत असतात. त्यांस कारण विचारावे, तर त्या सांगतात की, पलीकडच्या टोल्यावर सुई टोचल्यावर एक मूल रात्रभर तापाने फणफणले होते. म्हणून आपण त्या वाटेस जाणार नाही.

आम्ही त्या आयांस मूर्ख म्हणत नाही. लेकराच्या जिवाची काळजी हा काही मूर्खपणा नव्हे. परंतु भीती ही पारखून घ्यावी लागते. ताप सुईने आला की अन्य कारणाने, तो किती मुलांस आला, किती दिवस राहिला, आणि ज्यांस सुई टोचली नाही त्यांचे पुढे काय झाले, हे कोणी मोजून पाहत नाही. मोजल्यावाचून विश्वास ठेवणे जितके घातक, तितकेच मोजल्यावाचून दोष देणेही घातक होय. ह्या दोन्ही गोष्टी ज्यांच्या आयुष्यात ठळकपणे दिसून येतात, अशा एका परदेशी विद्वानाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. मुंबईत परळ येथे हाफकिन संस्था म्हणून जी प्रसिद्ध संस्था आहे, ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे डॉ. वाल्डेमार हाफकिन.

जन्म व विद्याभ्यास

हाफकिन यांचा जन्म १८६० सालच्या मार्च महिन्यात, काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा नगरात, एका यहुदी कुटुंबात झाला. हे नगर त्या काळी रशियाच्या बादशहाच्या अमलाखाली होते; आज ते युक्रेन देशात मोडते. आमच्या वाचकांस यहुदी लोकांची ओळख पवित्र शास्त्रावरून आहेच. शिवाय आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक कित्येक शतके नांदत आले आहेत, हेही पुष्कळांस ठाऊक असेल. आपल्या देशी ह्या लोकांस कोणी उपद्रव दिला नाही; परंतु रशियात त्यांचे जिणे मोठे कष्टाचे होते. १८८१ सालानंतर तेथे यहुद्यांच्या वस्त्यांवर जमाव चालून जाऊ लागले. घरे लुटली गेली, माणसे मारली गेली. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणार्थ उभ्या राहिलेल्या टोळीत सामील झाले, जखमी झाले व पकडलेही गेले. त्या वेळी त्यांचे गुरू प्राध्यापक मेच्निकॉफ ह्यांनी मध्यस्थी केली, म्हणून त्यांची सुटका झाली.

हाफकिन हे वैद्य नव्हते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे. त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला होता. पाण्याच्या एका थेंबात वावरणारे अतिसूक्ष्म जीव कसे खातात, कसे वाढतात, हे सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहण्यात त्यांचे दिवस जात. विद्यापीठात वरची जागा मिळण्याची त्यांची योग्यता होती. परंतु अधिकाऱ्यांची अट अशी की, त्यांनी यहुदी धर्म सोडून रशियाच्या राजधर्मात, म्हणजे तेथील ख्रिस्ती मंडळीत, प्रवेश करावा. हाफकिन यांनी ती अट नाकारली व जागेवर पाणी सोडले.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांनी, आजोबा-पणजोबांच्या काळी अथवा अलीकडे, ख्रिस्ती धर्म स्वीकारला; आणि धान्यासाठी किंवा नोकरीसाठी धर्म बदलला, असा टोमणा आपण गावोगाव ऐकिला आहे. तो टोमणा ज्यांच्या हृदयास झोंबला, त्यांस ह्या यहुदी तरुणाच्या नकाराची किंमत सहज कळेल. पगाराच्या मोबदल्यात मागितलेला बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही, ह्याबद्दल आम्हां ख्रिस्ती लोकांस वाईट वाटण्याचे कारण नाही. ज्यांनी तो विकावयास काढिला, त्यांच्याबद्दल मात्र वाईट वाटते.

पॅरिस येथे

१८८८ साली हाफकिन यांनी रशिया सोडिला. एक वर्ष स्वित्झर्लंड देशातील जिनिव्हा येथे शिकविण्याचे काम करून १८८९ साली ते पॅरिस शहरी गेले. तेथे लुई पाश्चर ह्या जगद्विख्यात शास्त्रज्ञाची संस्था नुकतीच उभी राहिली होती, आणि गुरू मेच्निकॉफ हेही तेथेच आले होते. संस्थेत त्या वेळी मोकळी जागा एकच होती, ती सहायक ग्रंथपालाची. ती त्यांनी पत्करली. दिवसा पुस्तके लावावी आणि उरलेल्या वेळी प्रयोगशाळेत बसावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या दिवसांत पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, साथीने युरोप व आशिया खंडांत कहर मांडिला होता. पटकीचा जंतू सापडला होता, पण त्यावर माणसास उपयोगी पडेल अशी लस सिद्ध झाली नव्हती. हाफकिन यांनी जंतूंचे दोन प्रकार तयार केले. एक दुबळा केलेला व दुसरा अधिक जोरदार. पहिल्या सुईने शरीरास रोगाची ओळख करून द्यावी व काही दिवसांनी दुसरीने ती पक्की करावी, अशी ही योजना होती. गावच्या कुत्र्यास एकदा बिबट्याचा वास ओळखीचा झाला, म्हणजे पुढे बिबट्या कुंपणाबाहेर असतानाच ते भुंकून सर्वांस जागे करते. लसीने शरीरास अशीच ओळख पटते. मग खरा रोग आला, तर शरीर त्याच्याशी लढावयास आधीच तयार असते.

सशांवर व इतर प्राण्यांवर लस उतरली. आता माणसावर प्रयोग कोणी करून घ्यावा? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, दुखले, आणि ते बरे झाले. त्यानंतरच त्यांच्या काही मित्रांनी ती घेतली. आपण जे दुसऱ्यास सांगतो ते आधी आपल्या देहावर करून पाहावे, हा नियम त्यांनी पुढेही मोडिला नाही.

हिंदुस्थानात आगमन

युरोपातील वैद्यमंडळींस ह्या शोधाचा भरवसा वाटेना. लस खरी की खोटी, हे जेथे पटकी नित्य वसते तेथेच ठरणार होते. म्हणून १८९३ सालच्या मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्यास उतरले. पुढील सुमारे अडीच वर्षे उत्तर हिंदुस्थानातील गावे, छावण्या, तुरुंग व चहाचे मळे त्यांनी पालथे घातले, आणि सुमारे ४२ हजार लोकांस लस टोचली. कोणावर सक्ती केली नाही.

कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत १८९४ साली पटकी शिरली. तेथील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे लोक पटकीने पडले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या, एकाच गल्लीत निजणाऱ्या माणसांत हा फरक दिसून आला, म्हणून त्यास महत्त्व आले. ह्या दगदगीत खुद्द हाफकिन हिवतापाने खंगले व १८९५ साली त्यांस युरोपात परतावे लागले. हिवताप काय करितो, हे आपल्या जंगलपट्टीतील लोकांस सांगावयास नको. प्रकृती सुधारताच ते पुन्हा ह्या देशात आले.

मुंबईतील मरी

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांस काही विलक्षण रोगी आढळले. जांघेत व काखेत गाठी, अंगात जबर ताप, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. ही मरी, म्हणजे ग्रंथिक सन्निपात अथवा प्लेग होय, असे त्यांनी ओळखिले. काही आठवड्यांतच शहर रिकामे होऊ लागले. लोक आगगाड्यांत कोंबून गावी पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. तो उंदरांवरील पिसवांपासून माणसास जडतो, हे तोपर्यंत कोणास माहीत नव्हते. सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ते १८९८ साली दाखविले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली.

ह्या मरीने पुण्यात काय घडले, हे महाराष्ट्रास विसरता येत नाही. रोग्यांची सेवा करिता करिता सावित्रीबाई फुले ह्यांस तिचा संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्या मरण पावल्या. सोजिरांकडून घरांची झडती, रोग्यांस ओढून नेणे, सामान जाळणे, ह्या सक्तीच्या उपायांनी लोक इतके संतापले की, त्याच सालच्या जून महिन्यात प्लेगचे अधिकारी रँड ह्यांजवर गोळी झाडण्यात आली. सरकार रोगाशी लढत होते, पण लोकांचा विश्वास त्याने गमाविला होता.

अशा काळात, १८९६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, सरकारने हाफकिन यांस कलकत्त्याहून मुंबईस बोलाविले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली व तिच्यापुढील पडवी मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी मरीवर लस करावयास घेतली. कष्ट असे की, तीन महिन्यांत त्यांचे मदतनीस एकामागून एक थकून गेले. हाफकिन मात्र हटले नाहीत.

त्यांची रीत समजण्यास कठीण नाही. लोकांच्या धर्मभावना दुखवू नयेत म्हणून त्यांनी गाय व डुक्कर ह्यांचे मांस वर्ज्य करून बोकडाच्या मांसाचा रस काढिला. तो काचेच्या पात्रात घालून त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेविले आणि त्यात मरीचे जंतू सोडिले. पात्र न हालविता ठेविले असता, तुपाच्या थेंबांखालून ते जंतू पारंब्यांसारखे लोंबत वाढत. ह्या खुणेवरून आत दुसरे काही न शिरता मरीचेच जंतू वाढले आहेत, हे ओळखता येई. मग ते पात्र तासभर तापवून जंतू मारून टाकावयाचे. ह्या मेलेल्या जंतूंची लस रोग करू शकत नव्हती, पण शरीरास रोगाची ओळख करून देत होती.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी मरीची ही नवी लस स्वतःस टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांस देण्यात आली त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणात. जबर ताप आला. टोचलेली जागा सुजली व फार दुखली. काही दिवसांनी ते पूर्ववत झाले. मग इतरांस ती देण्याचा मार्ग मोकळा झाला.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात मरी शिरली. कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी लस घेण्याची इच्छा दर्शविली. बाकीचे तसेच राहिले. अन्न एक, पाणी एक, बराकी एकच. टोचण्याच्या दिवशीच ज्यांच्या अंगात रोग भिनलेला होता ते सोडले, तर लस घेतलेल्यांपैकी कोणी दगावला नाही. न घेतलेल्यांत मात्र रोगही अधिक झाला आणि मृत्यूही झाले. कैद्याची संमती ही मोकळ्या माणसाच्या संमतीइतकी खरी असते काय, असा प्रश्न आज विचारिला जातो व तो योग्य आहे. म्हणूनच आता अशा प्रयोगांवर पूर्वीपेक्षा पुष्कळ कडक नियम आहेत.

उंडेरा गावची पारख

टीकाकारांचे समाधान तेवढ्याने झाले नाही. म्हणून १८९८ साली बडोद्याजवळील उंडेरा गावी, जेथे मरी आधीच शिरली होती, हाफकिन यांनी अधिक काटेकोर परीक्षा केली. खेड्यातील माणसांनी ही परीक्षा नीट समजून घ्यावी, अशी आमची इच्छा आहे. गावातील एकेक कुटुंब बोलावून त्यातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचली व निम्म्यांस टोचली नाही. बळकट तेवढे एकीकडे व अशक्त तेवढे दुसरीकडे, असे होऊ दिले नाही. एकाच चुलीवरचे अन्न खाणारे भाऊ, एकाच घोंगडीत निजणाऱ्या बहिणी. त्यांपैकी एकास लस, दुसऱ्यास नाही.

काही आठवड्यांनी घरोघर जाऊन मोजणी झाली. लस न घेतलेली माणसे ४३७ होती. त्यांपैकी २७ जणांस मरी झाली व २६ मेले. लस घेतलेली माणसे ५१३ होती. त्यांपैकी ८ जणांस मरी झाली व ३ मेले. म्हणजे लस न घेतलेल्यांत दर शंभरी सहा मृत्यू झाले, आणि लस घेतलेल्यांत दोनशेंत एकाच्या जवळपास. ह्या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. लस म्हणजे जादूचा ताईत नव्हे, कारण ती घेऊनही तिघे मेलेच; हाफकिन यांनीही ती पूर्ण संरक्षण देते असे कधी भासविले नाही. परंतु ती घेतली असता मृत्यूचे भय कितीतरी पटींनी कमी झाले. ते सव्वीस जीव आठवले म्हणजे आमच्या मनास चुटपुट लागते; पण लस खरी आहे हे त्या दिवशी खात्रीने कोणासही माहीत नव्हते, आणि त्या गावच्या मोजणीमुळेच पुढे लाखो लोकांस ती विश्वासाने देता आली.

इस्माइली खोजा लोकांचे धर्मगुरू आगाखान ह्यांनी स्वतः लोकांसमक्ष लस टोचून घेतली, व त्यांच्या अनुयायांपैकी हजारो लोक पुढे आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली एक इमारतही दिली. १८९७ साली हाफकिन यांस सरकारकडून सी. आय. ई. हा मानाचा किताब मिळाला. ऑगस्ट १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. ज्यांनी एका पडवीत आरंभ केला, त्यांच्या स्वाधीन आता एक राजवाडा झाला होता, आणि तेथून देशाच्या कानाकोपऱ्यांत लस जाऊ लागली.

मुलकोवाल

येथवर वाचून हे सुखाचे चरित्र आहे असे वाटेल. परंतु पुढे मोठे दुःख आहे.

पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या भागात, मुलकोवाल नावाचे एक गाव आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ लोकांनी मरीची लस टोचून घेतली. आठवड्याभरात त्यांपैकी १९ जणांस दातखीळ बसू लागली व अंगे धनुष्यासारखी वाकू लागली. तो धनुर्वात होता. ते एकोणीसही जण मेले. जे रोग टाळावा म्हणून आपण होऊन पुढे आले, तेच मेले. त्या गावच्या शोकाची कल्पना आमच्याने करवत नाही.

चौकशी झाली. त्या दिवशी पाच कुप्या वापरल्या होत्या, आणि मेलेले सर्व लोक एकाच कुपीतून टोचलेले होते. बाकीच्या चार कुप्यांतील लस घेतलेल्यांस काही झाले नाही. तेव्हा धनुर्वाताचे विष त्या एका कुपीत शिरले, हे उघड झाले. प्रश्न उरला तो एवढाच की, ते कोठे शिरले. परळच्या प्रयोगशाळेत, की मुलकोवाल येथे कुपी उघडताना? सरकारने नेमिलेल्या मंडळाने परळकडे बोट दाखविले. मागणी फार वाढल्यामुळे हाफकिन यांनी लस करण्याच्या रीतीत बदल केला होता. कार्बोलिक ॲसिड घालण्याचे सोडून उष्णतेवर भिस्त ठेविली होती. ही रीत पाश्चर संस्थेतही मान्य होती. परंतु चौकशी मंडळास तेवढे कारण पुरे झाले. हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले, आणि १९०४ साली ते हा देश सोडून लंडनला गेले. ज्यांस वैद्य नसलेला हा यहुदी परदेशी माणूस पूर्वीपासून खुपत होता, त्यांस आता बोलावयास जागा झाली.

दोष ठरला, पण पारख झाली नव्हती. साक्षीपुराव्यातच एक गोष्ट नोंदलेली होती. त्या दिवशी मुलकोवाल येथे कुपीचे बूच काढताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून तसाच वापरला. धनुर्वाताचा जंतू मातीत व शेणखतात राहतो, आणि तेवढ्याशा बुचकळण्याने तो मरत नाही. शिवाय ती कुपी परळहून भरून निघाल्यास एकेचाळीस दिवस झाले होते. इतके दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढले असते, तर कुपी उघडताच दुर्गंधी सुटली असती. पण ज्या डॉक्टरांनी ती वापरली, त्यांस वास आला नव्हता. ही सर्व लक्षणे परळकडे नव्हे, तर मुलकोवालच्या मातीकडे बोट दाखवीत होती. त्या मदतनिसास आम्ही दुष्ट म्हणणार नाही. त्याच्या हातून चूक झाली असेल, पण हेतू वाईट नव्हता, आणि तेवढे ज्ञान त्यास कोणी दिलेही नसेल.

उशिराचा न्याय

हे सत्य उजेडात यावयास जवळजवळ पाच वर्षे लागली. ज्यांनी त्यासाठी लेखणी उचलिली, त्यांत रोनाल्ड रॉस हे अग्रणी होते. हिवताप डासांपासून होतो, हे सिकंदराबाद व कलकत्ता येथे कष्ट करून सिद्ध करणारे ते हेच गृहस्थ. ज्या १९०२ सालच्या अखेरीस हाफकिन यांच्यावर मुलकोवालचे आभाळ कोसळले, त्याच वर्षी रॉस यांस नोबेल पारितोषिक मिळाले. मिळालेला मान त्यांनी कपाटात ठेविला नाही. दोष आलेल्या सहकाऱ्यासाठी तो खर्च केला. १९०७ सालच्या जुलै महिन्यात रॉस व इतर नामांकित जंतुशास्त्रज्ञ, मिळून दहा जणांनी, लंडनच्या टाइम्स पत्रात सहीनिशी पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांजवरील आरोप पुराव्यास धरून नाही, असे दाखविले. लिस्टर संस्थेनेही पुरावा तपासून विष गावातच शिरले असावे, असे मत दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांस दोषमुक्त केले.

हाफकिन हिंदुस्थानात परत आले. पण परळची जागा त्यांस पुन्हा मिळाली नाही. त्यांस कलकत्त्यास नेमिले, आणि तेथेही त्यांच्या संशोधनास पूर्वीसारखी मोकळीक नव्हती. दोष झटकन लागतो, तो पुसला तरी डाग राहतो. सुमारे १९१५ साली ते नोकरीतून निवृत्त झाले व युरोपात परतले. लग्न त्यांनी केले नव्हते. उतारवयात ते आपल्या पूर्वजांच्या धर्मात अधिकाधिक रमले, आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी मुलांच्या शिक्षणास लावून दिली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. ते पाहावयास ते हयात होते, एवढे समाधान. तोपर्यंत मुंबईहून मरीच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी त्यांनी देह ठेविला. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढिले.

मरी अजून पृथ्वीवरून नाहीशी झाली नाही. १९९४ साली सुरत शहरात व आपल्या बीड जिल्ह्यात तिने पुन्हा तोंड दाखविले होते. परंतु आता तिच्यावर गुणकारी औषधे आहेत, आणि वेळीच उपचार झाले तर रोगी बरा होतो. हाफकिन यांची ती लस आज नित्य वापरात नाही. तिचे काम तिने केले.

आपल्या गावांसाठी

वाचकहो, उंडेरा व मुलकोवाल ही दोन गावे आम्हांस ह्या चरित्रात सर्वांत महत्त्वाची वाटतात. पहिल्या गावी एका चांगल्या गोष्टीची पारख झाली. दुसऱ्या गावी एका वाईट गोष्टीची पारख व्हावयास पाच वर्षे लागली, आणि तोवर एका निरपराध माणसाचे आयुष्य मोडून गेले.

आपल्या ह्या दोन जिल्ह्यांत मुलकोवाल वेगळ्या रूपाने घडत असते. लागोपाठ दोन मुले मेली, बैल पडले, बाळंतीण दगावली, की कोणी तरी एखाद्या म्हाताऱ्या विधवेचे अथवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचे नाव घेतो. ह्यानेच करणी केली, असे ठरते. मग माणसांस बांधून मारिले जाते, आणि कित्येकदा जीवही घेतला जातो. ह्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ सालापासून कायदा आहे. तरीही हे थांबलेले नाही. शोकाने वेडे झालेल्या माणसास दोषी कोणी तरी हवा असतो, हे आम्ही जाणतो. मुलकोवालच्या वेळी शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यांवरील लोकांसही तो मोह आवरला नाही; तेव्हा खेड्यातील माणसांसच आम्ही काय म्हणून नावे ठेवावी? परंतु त्या वेळी एक कुपी कोणती, ती कोणी उघडली, चिमटा कोठे पडला, असे विचारणारे कोणी तरी निघाले, म्हणून सत्य कळले. तसे विचारणारे आपल्या गावातही निघावे.

म्हणून आमची विनंती अशी आहे. गावात मूल आजारी पडले अथवा दगावले, तर आधी डॉक्टरांस विचारावे की कारण काय. हिवताप, साप, दूषित पाणी, कुपोषण, ह्यांपैकी कोणते, ते कळून घ्यावे. सुई टोचल्यावर एकदोन दिवस ताप आला, तर तो कित्येक लसींनी येतोच, आणि खुद्द हाफकिन यांसही आला होता, हे आयांस सांगावे. त्याहून अधिक काही झाले, तर ते लपवू नये. नर्सबाईस तत्काळ कळवावे, कुपीवरील क्रमांक टिपून घेण्यास सांगावे, आणि त्याच कुपीतून आणखी कोणास टोचले व ती मुले कशी आहेत, ह्याची चौकशी करावी. असे विचारण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे, व चांगल्या नर्सबाईस त्याचा राग येणार नाही.

आमच्या उपदेशक बंधूंस आणखी एक सांगणे आहे. लसीच्या दिवशी आपण केवळ लोकांस जा म्हणून सांगू नये. आपली मुले व नातवंडे घेऊन त्या पडवीत सर्वांच्या आधी जाऊन बसावे. आणि कोण्या टोल्यावर करणीची कुजबूज कानी आली, तर त्या म्हाताऱ्या बाईच्या घरी त्याच रात्री जाऊन तिच्या ओसरीवर निजावे, व सकाळी पोलीस पाटलास बोलावून आणावे.